वाड्याचे खरेदीखत

सोलापुरातील नवी पेठ आता नवी राहिलेली नाही. ती वसली तेव्हा हे नाव तिला शोभून दिसले असेल; पुढे शहर चहूंकडे पसरले, आणि नवी म्हणविणारी पेठ जुन्या गावाच्या मध्यभागी येऊन बसली. १९०१ च्या शिरगणतीत या शहराची वस्ती ७५,२८८ होती. २०११ साली ती ९,५१,५५८ भरली. आज नवी पेठेत जाणारा मनुष्य बहुधा काही विकत घेण्यास जातो, आणि त्याची दृष्टी दुकानांच्या पाट्यांवर खिळून राहते. परंतु पाट्यांच्या वर आणि दुकानांच्या पाठीमागे नजर टाकली, किंवा जवळच्या वारांच्या पेठांतून सावकाश फेरी मारली, तर कोठे नक्षीचा सागवानी सज्जा, कोठे दगडी चौकटीचा दिंडीदरवाजा, कोठे अर्धी ढासळलेली पांढऱ्या मातीची भिंत अजून आढळते. यांपैकी बहुतेक घरांचे भवितव्य एकच दिसते: एके दिवशी कुलूप, काही वर्षांनी पडझड, मग बखळ, आणि शेवटी त्या बखळीवर चार मजली इमारत. हे असे का होते, आणि असेच व्हावयास पाहिजे का, याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

युरोपात याच्या उलट एक छंद आढळतो. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून घराण्यांची जुनी दगडी घरे विक्रीस निघतात, आणि पॅरिसचे नोकरदार, इंग्रज, डच असे दूरदूरचे लोक ती हौसेने घेतात. गळके छप्पर, वाळवी लागलेल्या तुळया, पाणी आटलेली विहीर, हे सर्व ठाऊक असूनही ते घर घेतात व आयुष्याची दहावीस वर्षे त्याच्या डागडुजीत घालवितात. पीटर मेल नावाच्या इंग्रजाने प्रोव्हान्स प्रांतातील अशा एका घरात काढलेल्या वर्षाचे वर्णन १९८९ साली प्रसिद्ध केले, तेव्हापासून तर या हौसेला एक वाङ्मयच लाभले. आमच्याकडे हे दृश्य क्वचितच. त्यावर सर्वसाधारण उत्तर असे मिळते, की आम्हां लोकांना जुन्याचे प्रेम नाही. हे उत्तर आम्हांस पटत नाही. ज्या घरात आजी वारली त्या घराचा उंबरा पाहून डोळे पुसणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. प्रेम आहे, उणीव निराळ्याच ठिकाणी आहे, आणि ती शोधण्यासाठी घराच्या मालकीचा इतिहास पाहिला पाहिजे.

प्रथम घर कशाचे असते ते पाहू. सोलापूरकडचा जुना वाडा म्हणजे कौलारू कोकणी घर नव्हे. वीसबावीस इंच पावसाच्या या मुलखात माळवदाची घरे बांधीत: जाड भिंती, मध्ये मोकळा चौक, चौकाभोवती सोपे, आणि लाकडी खांब व तुळयांवर दाबून बसविलेला मातीचा सपाट थर. त्यात उजेडासाठी व धुरासाठी झरोके. उन्हाळ्याच्या चाळीस अंशांच्या तापात असे घर आत थंड राहते, व रात्री माळवदावर निजता येते. परंतु माळवद हे एक व्रत आहे. दर वर्षी मृगापूर्वी त्यावरचे गवत उपटावे, उंदरांची बिळे बुजवावी, नवी माती पसरून चोपावी आणि पन्हाळी मोकळ्या कराव्या. एक वर्ष हे राहिले तर ओल तुळईत उतरते. तीन वर्षे राहिले तर तुळई वाकते. म्हणून अशा घराला प्रतिवर्षी ज्येष्ठ महिन्यात ‘माती आणा’ असे म्हणणारा व पदरचे पैसे खर्चणारा एक मनुष्य लागतो. तसा मनुष्य असणे हेच वाड्याचे आयुष्य होय.

आता शास्त्राकडे वळू. हिंदु कुटुंबाच्या मालमत्तेविषयी महाराष्ट्रात व हिंदुस्थानच्या बहुतेक भागांत ज्या ग्रंथाचे प्रामाण्य चालत आले, ती मिताक्षरा सोलापूरच्या पूर्वेस कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणास, रचली गेली. तिचा कर्ता विज्ञानेश्वर हा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (१०७६ ते ११२६) याच्या पदरी होता. वडिलार्जित मिळकतीवर पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, हा तिचा प्रसिद्ध सिद्धांत. स्थावराच्या हस्तांतराविषयी तिने एक जुने वचन घेतले आहे, त्याचा आशय असा: भूमी सहा गोष्टींनी जाते, गावाची, ज्ञातीची, शेजाऱ्यांची व दायादांची संमती, आणि सुवर्ण व उदक यांचे दान.

या सहा गोष्टींचा विज्ञानेश्वराने लावलेला अर्थ वाचण्यासारखा आहे. गावाची संमती कशाला? तर व्यवहार चारचौघांत प्रकट व्हावा म्हणून. शेजाऱ्यांची कशाला? पुढे हद्दीचा तंटा उद्भवू नये म्हणून. विभक्त झालेल्या भाऊबंदांची कशाला? हे विभक्त की अविभक्त, असा संशय मागाहून निघू नये म्हणून. अविभक्तांची मात्र अवश्यच, कारण मिळकत सर्वांची सामाईक. आणि सोने व पाणी कशाला? तर स्थावराची विक्री शास्त्राला संमत नाही, म्हणून विक्री करणे भाग पडले तरी तिला दानाचे रूप द्यावे. व्यवहार बाजाराचा, पण हातावर पाणी सोडावयाचे. यात थोडे ढोंग आहे असे कोणी म्हणेल. आम्हांस त्यात एक जाण दिसते. घर ही धान्याच्या पोत्यासारखी वस्तू नाही, तिच्या जाण्याने चार बाजूंच्या माणसांना काही तरी लागते, एवढे त्या काळच्या विद्वानास पक्के ठाऊक होते.

शिवाय हेही लक्षात ठेवावे, की ज्या शास्त्राने विक्री अडविली त्याच शास्त्राने कर्ता निर्माण केला. एकत्र कुटुंबाचा कर्ता घर सहसा विकू शकत नसे. पण ते शाकारणे, सावरणे, सामाईक पैशातून त्यावर खर्च करणे, याला त्यास कोणाची सही लागत नसे. विकण्यास सर्वांची संमती, राखण्यास एकाची आज्ञा, अशी ती योजना होती. तीत अन्यायही होते. स्त्रियांना त्या मिळकतीत जन्मतः हक्क नव्हता, आणि धाकट्या भावांची कुचंबणा होत असे. परंतु माळवदावर माती वेळेवर पडत असे.

पुढे मराठ्यांच्या राज्यात पेठा वसल्या. नवी पेठ वसवावयाची म्हणजे सरकारने कौल द्यावा, काही वर्षे करांची सूट जाहीर करावी, उदमी व कारागीर बोलावून आणावे, आणि पेठेच्या कारभारास शेटे व महाजन नेमावे, असा परिपाठ होता. पेशवाईत पुण्यास घरांच्या खरेदीविक्रीची नोंद कोतवालाच्या कचेरीत होई व तीबद्दल सरकारास द्रव्य मिळे. मिताक्षरेतील गावाच्या संमतीचे काम आता कचेरी करू लागली, एवढाच फरक. विक्रीपत्रात चतुःसीमा, साक्षी, आणि भाऊबंदांपैकी कोणी कथळा केल्यास तो विकणाऱ्याने निवारावा अशी हमी, हे सारे येई. हल्ली वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात वकिलांची ‘जाहीर नोटीस’ येते, की अमुक पेठेतील अमुक घर आमचे अशील विकत घेत आहेत, कोणाचा हक्क, बोजा अगर हरकत असल्यास अमुक दिवसांच्या आत कळवावे. ती या जुन्या ग्रामसंमतीचीच वंशज होय. आमच्या वाचकांपैकी कोणी ती कधी वाचली नसेल, तर एकदा त्या दृष्टीने अवश्य वाचावी.

१८१८ च्या मे महिन्यात सोलापूरचा किल्ला जनरल मन्रोच्या हाती पडला, आणि हळूहळू इंग्रजी कायदा आला. त्याची दृष्टी व्यक्तीवर. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ साली झाला व मुंबई इलाख्यास १८९३ पासून लागू झाला. नोंदणीचा आजचा कायदा १९०८ चा. मुंबईच्या न्यायालयांनी असा निर्णय कायम केला, की अविभक्त कुटुंबातील एखादा भाऊ आपला न वाटलेला हिस्सा मोबदला घेऊन परक्यास विकू शकतो. म्हणजे अखंड वाडा विकणे अवघडच राहिले, पण त्याचा तुकडा विकणे सोपे झाले. यातील धोका कायदा करणाऱ्यांच्याही ध्यानात आला होता. म्हणूनच राहत्या घराचा हिस्सा घेणाऱ्या परक्यास कुटुंबाबरोबर एकत्र ताबा मागता येणार नाही, असे १८८२ च्या कायद्यात घातले गेले. आणि १८९३ च्या वाटपाच्या कायद्याने अशा परक्याने वाटप मागितल्यास त्याचा हिस्सा किंमत देऊन परत घेण्याची मुभा कुटुंबीयांस दिली. घर विभागण्याजोगे नसेल तर ते विकून पैसे वाटावे, अशीही तजवीज त्याच कायद्यात आहे. तजविजी चांगल्या होत्या; पण त्या सर्व दाव्याच्या मार्गाने जाणाऱ्या, आणि दावा चालेपर्यंत पाऊस थांबत नाही.

याच काळात सोलापूर गिरण्यांचे गाव झाले. १८६० साली रेल्वे आली, १८७७ साली पहिली गिरणी निघाली, आणि मजूर, कारकून, व्यापारी यांची रीघ लागली. वाड्यांच्या सोप्यांत व माड्यांवर बिऱ्हाडे आली. पुढे १९४७ च्या भाडेनियंत्रणाने भाडी जवळजवळ गोठली. गरीब भाडेकरूला त्याने छप्पर दिले हे मोठेच काम झाले, पण त्या भाड्यातून माळवदाची मातीही निघेना. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला शेकडा चार वाढ मान्य केली, तोवर पुष्कळ तुळया वाकल्या होत्या.

शेवटचा मोठा फरक १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याने झाला. बापाच्या स्वतःच्या मिळकतीत विधवा, मुलगे, मुली व आई यांस समान वाटा मिळाला, आणि हे वारस सामाईक हिस्सेदार झाले. त्यांच्यात कर्ता कोणी नाही. वडिलार्जित मिळकतीतही मुलीस जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली व सर्व देशाने २००५ साली दिला. हा न्याय फार उशिरा झाला, असेच आमचे मत आहे. वाडे पडण्याचे खापर बहिणींच्या हिश्शावर फोडण्याची जी सवय काही मंडळींना लागली आहे ती सर्वथैव अनुचित होय. बहिणीने हक्कसोडपत्रावर मुकाट्याने सही करावी, म्हणजे वाडा वाचेल, हे म्हणणे इतिहासालाही धरून नाही. केवळ भाऊच हिस्सेदार असलेले वाडेदेखील तितकेच पडले आहेत. खरी गोष्ट अशी, की कायद्याने कर्ता काढून घेतला, आणि त्याच्या जागी हिस्से वाटले. पण राखण्याचा अधिकार कोणाच्याच पदरात घातला नाही. आता विकण्यास सर्वांची सही लागते, आणि राखण्यासही सर्वांचीच.

आमच्या माहितीतील एका घराण्याची हकीकत येथे नमुन्यादाखल देतो. आजोबांनी बांधलेल्या दुचौकी वाड्याचे आज अकरा हिस्सेदार. तिघे सोलापुरात, चौघे पुण्यामुंबईस, दोन बहिणी हैदराबादेस, दोघे परदेशी. सर्वांचे एकमेकांवर प्रेम. दिवाळीस फोन चुकत नाही. वाडा विकावा असे सहा जणांस वाटे, राखावा असे पाच जणांस. राखावा म्हणणाऱ्या पाचांपैकी एकाने माळवद दुरुस्त करण्याची तयारी दाखविली, तेव्हा उरलेल्यांस शंका आली, की खर्च केला म्हणून उद्या हा जास्त हिस्सा मागेल. त्याने हात आखडता घेतला. चार पावसाळे गेले. पाचव्यात मागील सोप्याचे छप्पर बसले, आणि घर धोकादायक असल्याची नोटीस आली. मग अकराही जण एका महिन्यात एकमत झाले. पण तेव्हा विकावयास वाडा उरला नव्हता, जागा उरली होती. या हकीकतीत दुष्ट मनुष्य कोणीच नाही, हे वाचकांनी पाहावे. जे घर भांडणाने पडले नाही ते संकोचाने पडले.

फ्रान्समध्ये हा प्रश्न नव्हता असे नाही. तेथे तो आमच्याहून जुना आहे. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेने सर्व अपत्यांस समान वाटा दिला, आणि आईबापांस मृत्युपत्रानेही मुलांचा ठराविक वाटा डावलता येऊ नये असे केले. त्यामुळे खेड्यातील घराण्याचे घर चारपाच भावंडांच्या सामाईक मालकीत पडणे ही तेथील नित्याची गोष्ट. परंतु दोन बाबतींत त्यांनी विचार पुढे नेला. एक म्हणजे नोटरी. हा आमच्याकडील शिक्का मारणारा नोटरी नव्हे; तो सरकारने नेमलेला कायदेपंडित असून मालकीची साखळी तपासतो, खत स्वतः तयार करतो व मूळ प्रत सांभाळून ठेवतो. आमच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्ताची नोंद होते, मालकीची ग्वाही मिळत नाही. तिचा शोध घेणाऱ्याने आपल्या वकिलाकरवी घ्यावा. दुसरी बाब अधिक महत्त्वाची. २००६ च्या सुधारणेने तेथे असे ठरले, की सामाईक घराच्या रक्षणापुरती कामे कोणीही एक हिस्सेदार करू शकेल व त्याचा खर्च इतरांकडून मागू शकेल. नित्याच्या व्यवस्थेस दोन तृतीयांश हिस्सेदार पुरेत. २००९ साली आणखी एक पाऊल पडले: दोन तृतीयांशांस विक्री हवी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने ती करता यावी. म्हणजे त्यांनी कर्ता परत आणला नाही, पण कर्त्याचे काम परत आणले. पॅरिसच्या नोकरदारास खेड्यातले घर उभ्या स्थितीत विकत मिळते, त्याच्या मुळाशी हौसेइतकाच हा कायदाही आहे.

येथे कोणी विचारील, की विकलेले घर वाचले तरी ते त्या घराण्याचे कोठे राहिले? याचे उत्तर आमच्याच इतिहासात सापडते. पुण्याचा गायकवाडवाडा लोकमान्य टिळकांनी १९०५ साली सयाजीराव महाराजांकडून विकत घेतला. त्या विक्रीने वाडा गायकवाडांचा राहिला नाही. पण तो केसरीवाडा झाला, आणि आज तो उभा आहे. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावासाठी बांधला गेला. पेशवाई गेल्यावर १८२१ साली तेथे संस्कृत पाठशाळा भरली. १८७९ च्या आगीत त्याचा दर्शनी भाग जळाला व पुन्हा उभारला गेला. पुढे तेथे नगरपालिकेची कचेरी नांदली. त्याच आगीत सापडलेला बुधवारवाडा मात्र नाहीसा झाला. आमच्या सोलापुरात अप्पासाहेब वारद यांनी बांधविलेले इंद्रभुवन पुढे नगरसंस्थेच्या वापरात आले, म्हणूनच त्याची कमानदार शोभा पुढील पिढ्यांस पाहावयास मिळाली. ज्या लंडनच्या घरात डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले, ते किंग हेन्री मार्गावरील दहा क्रमांकाचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले. तेथे एक गमतीचा योग आला. घराचे स्मारक करण्यास शेजाऱ्यांनी हरकत घेतली, स्थानिक नगरसमितीने परवानगी नाकारली, आणि चौकशी होऊन २०२० साली ती मिळाली. कल्याणीच्या विज्ञानेश्वराने शेजाऱ्यांची संमती का सांगितली ते लंडनमध्ये पुन्हा एकदा सिद्ध झाले.

या सर्व उदाहरणांत विक्री अगर हस्तांतर झाले, आणि त्यामुळेच घर टिकले, कारण ते अखंड रूपाने अशा एका हाती गेले, की ज्याला राखण्याचा पूर्ण अधिकार होता. तेव्हा वाडा विकणे म्हणजे पूर्वजांचा द्रोह, ही समजूत आता सोडून द्यावी असे आम्हांस वाटते. द्रोह असलाच तर तो कुलपात आहे.

घराबरोबर आणखी एक वस्तू जाते, तिचा उल्लेख खरेदीखतात कधीच नसतो. ती म्हणजे कागद. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा जो पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यातील पत्रे वाईस एका घरी सापडली. मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यातून निघालेल्या दफ्तरावाचून उत्तर पेशवाईचा इतिहास अपुरा राहिला असता. लहान घराण्यांच्या माळ्यावरही अशीच गाठोडी असतात: विक्रीपत्रे, उधारीच्या वह्या, यात्रेच्या खर्चाच्या याद्या. सोलापुरात तर त्या मराठीबरोबर कानडी, तेलुगू व उर्दूतही असण्याचा संभव. वाडा पाडणारा ठेकेदार दारे व तुळया मोजून नेतो. गाठोडी रद्दीत जातात.

सूचनांची लांब यादी देऊन लेख वाढविण्याची आमची इच्छा नाही. दोनतीन गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. ज्या घरी वडील मंडळी हयात आहेत तेथे घर पुढे कोणी राखावे हे त्यांनी बोलून व लिहून ठरवावे, आणि राखणाऱ्याने इतरांस, बहिणींस सुद्धा, वाजवी किंमत द्यावी. एखादा वारस आपला हिस्सा विकू लागल्यास दुसऱ्या वारसांस तो प्रथम घेण्याचा हक्क १९५६ च्या कायद्यानेच दिला आहे. त्याचा उपयोग करावा. राखणारा कोणी नसेल तर छप्पर शाबूत असताना सर्वांनी मिळून अखंड घर एकास विकावे, आणि विकण्यापूर्वी त्याची मापे, नकाशा व छायाचित्रे घेऊन कागद एखाद्या संशोधन मंडळाच्या स्वाधीन करावे. आणि आमच्या कायदेमंडळाने फ्रान्सचा तो एक नियम उचलावा: सामाईक घराची दुरुस्ती करू इच्छिणाऱ्या हिस्सेदारास इतरांच्या सहीसाठी अडून बसावे लागू नये, आणि केलेल्या खर्चाचा हिशेब वाटपाच्या वेळी त्यास मिळावा. एवढा नियम झाला, तरी पुढील मृगापूर्वी या शहरातील निदान काही माळवदांवर नवी माती पडेल.